त्रिशूरची आठवण आणि आपला उन्हाळा: दोन रात्रींच्या तंबूसाठी सांगली-साताऱ्यात कुठे जावे?

त्रिशूरची लेक (तासगाव)

नमस्कार. इथे भटकंतीचे जाणकार बरेच आहेत, म्हणून एक प्रश्न जरा सविस्तर मांडते.

आमचे मूळ गाव विट्याजवळचे. वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी केरळात त्रिशूरला गेले आणि माझा जन्म, शाळा, कॉलेज सगळे तिथेच झाले. लग्न होऊन मी तासगाव तालुक्यात आले. वडिलांचे गाव आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातले असल्यामुळे इथे सगळ्यांची समजूत अशी की मुलगी परमुलखातून आपल्या घरी परत आली. भाषा आपली, देव आपले, नातेवाईक चहूकडे पसरलेले. मग हिला कसली आठवण येणार? दुसऱ्या राज्यातून आलेल्या सुनेला निदान कुणी विचारते की करमते का. मला ते कुणी विचारलेले आठवत नाही. सासरची माणसे मायाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिथे आपण कधी राहिलोच नव्हतो तिथे आपण ‘परत’ कसे येतो, हे मला अजून उमगलेले नाही.

द्राक्षाचा हंगाम, बेदाण्याची शेडं आणि मुलांच्या परीक्षा यांत वर्ष सरते. एप्रिल लागला की मात्र जीव लागत नाही. केरळात शाळा मार्चअखेर बंद होतात आणि जूनच्या सुरुवातीला उघडतात. एप्रिलच्या मध्यावर विषूचा सण येतो. त्या पहाटे पहिले दर्शन घ्यायची मांडणी म्हणजे कणी. शेजारच्या अम्मा पहाटे आम्हा मुलांचे डोळे हाताने झाकून देवघरापर्यंत नेत आणि मग हात काढत. समोर उरुळीत, म्हणजे पसरट धातूच्या भांड्यात, तांदूळ, पिवळी काकडी, आरसा, समईचा उजेड आणि बहाव्याचे घोस असत. दर्शन झाले की हातावर नाणे पडे. नंतर पीची धरणावर किंवा चालकुडी नदीवरच्या अतिरप्पिळ्ळी धबधब्याकडे सहल ठरलेली. शाळेच्या गाइडच्या शिबिरात आम्ही तंबूतही राहिलो. दुपारी उकाडा असह्य झाला की आभाळ भरून येई, तासभर धो धो पाऊस पडे आणि संध्याकाळी अंगणातल्या फणसाच्या पानांवरून पाणी ठिबकत राही.

त्याच दिवसांत इथे द्राक्षबागांची खरड छाटणी होते. मांडवावर नुसते ओलांडे, म्हणजे वेलींच्या जाड आडव्या फांद्या, उरतात, खाली उघडी जमीन तापते आणि दुपारचा वारा चेहऱ्याला चटका देतो. छाटणीनंतर नव्या फुटी निघेपर्यंत घरच्यांना चार दिवसांची सवड असते. यंदा यजमानांनी आपणहून विचारले की मुलांना घेऊन कुठे तंबूत राहायला जाऊ या का. बरोबर सासूबाईही येतील. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सांगली किंवा सातारा जिल्ह्यात उन्हाळ्यातही हिरवी असलेली, पाण्याजवळची, केरळच्या डोंगरांची आठवण देणारी जागा आहे का? आणि अशी जागा शोधत जाणे मुळात योग्य आहे का?

घाटमाथा (सातारा)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

तुम्ही ज्या डोंगरांत वाढलात तोच हा सह्याद्री आहे. गुजरातच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटरची ही एकच रांग आहे आणि २०१२ साली तिच्यातल्या ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांची निवड झाली होती. महाबळेश्वर, कोयनेचे खोरे आणि चांदोली या पट्ट्यात जांभूळ, अंजन, हिरडा यांचे जंगल भर मे महिन्यातही हिरवे असते. म्हणून शोध या पट्ट्यातच घ्या.

आता उंचीचा हिशोब सांगतो, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. तासगाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि कास सुमारे १२०० मीटरवर, म्हणजे कासला तुमच्यापेक्षा चारेक अंश थंडावा मिळेल. पाणी म्हटले की लोक बामणोलीला किंवा तापोळ्याला धाव घेतात. पण कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळीच ६५९ मीटर आहे. काठावर दुपारी ऊन पाण्यावरूनही अंगावर येते आणि तंबूत बसवत नाही. संध्याकाळ आणि पहाट तिथली फार सुंदर असते, हे मात्र खरे.

कास पठारावर तंबू ठोकता येत नाही आणि तसा विचारही करू नये. ती फुले ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसतात, पण त्यांची बीजे आणि कंद एप्रिलमध्ये त्याच मातीच्या पातळ थरात असतात. शिवाय खाली सगळा जांभा कातळ, त्यात खुंटी शिरत नाही. आसपासच्या गावांत खासगी जागेत राहण्याची सोय होते. तिथेही खुंट्यांच्या भरवशावर राहू नका. तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात, म्हणून चार-सहा हात जादा दोरी जवळ असू द्या. कास तलावाचे पाणी सातारा शहराला पिण्यासाठी जाते, तेव्हा काठावर साबण, भांडी, आंघोळ काहीही नको.

कोयना अभयारण्याच्या आत मुक्काम करता येत नाही. वासोटा किल्ल्यावरही बामणोलीहून परवानगी घेऊन होडीने जायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे, असाच नियम आहे. ठोसेघरचा धबधबा या दिवसांत आटलेला असतो, त्यामुळे अतिरप्पिळ्ळीच्या आठवणीने तिकडे जाऊ नका, निराशा होईल.

माळरान (आटपाडी)

वरच्या प्रतिसादातली माहिती बिनचूक आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे.

ताई, तुम्हाला नेमकी कशाची आठवण येते याचा आधी विचार करा. एप्रिलमध्ये त्रिशूर शहर थंड नसते. पारा ३५ अंशांच्या घरात आणि हवेत दमटपणा इतका की रात्रीही घाम सुकत नाही. म्हणजे तुम्ही थंडाव्यासाठी झुरत नाही आहात. तुमच्या लिहिण्यात पुन्हा पुन्हा येतो तो ओलावा: भरून येणारे आभाळ, ठिबकणारी पाने. उंचीवर गेल्याने तो मिळणार नाही. एप्रिलमधले कासचे पठार वाळलेल्या गवताचे, पिवळे आणि तपकिरी असते. तिथे उभे राहून तुम्हाला त्रिशूर जास्तच दूर वाटेल.

दुसरे असे की आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या उन्हाळ्यालाही स्वतःचे काही देणे आहे, आणि ते बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही कधी दाखवत नाही. आम्ही त्याची फक्त तक्रार करतो. हवा कोरडी असल्यामुळे दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. आटपाडीच्या माळावर रात्री बारानंतर वाऱ्याला गारवा येतो आणि पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. आभाळ स्वच्छ, गावाचे दिवे दूर, मेंढ्यांच्या वाड्यावरचा कुत्र्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. खानापूर आणि आटपाडीच्या मधल्या डोंगरात शुकाचार्याचे ठिकाण आहे. बाहेरचा डोंगर उघडा असताना आत दाट झाडी आणि झऱ्याचे पाणी मिळते. तिथे मुक्काम न करता सकाळची वेळ घालवा आणि रात्री नातेवाइकांच्या शेतात, उघड्यावर झोपा. मुलांना हा मुलूख त्यांचा म्हणून दाखवायचा असेल, तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी दाखवून भागणार नाही.

त्रिशूरची लेक (तासगाव)

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबले. ओलाव्याचे तुम्ही बरोबर ओळखले आहे. मला पाऊस पडून गेल्यानंतरची संध्याकाळ हवी असते, आणि ती उंचीवर मिळेल असे मी धरून चालले होते.

मुलांबद्दलही तुम्ही लिहिले ते पटते. मात्र एक सांगावेसे वाटते. मुलांना माझे लहानपण कुठे गेले हे ठाऊकच नाही. त्यांच्या दृष्टीने आई ‘विट्याकडची’ आहे. त्यांना हा मुलूख त्यांचा म्हणून मिळतोच आहे, रोज मिळतो आहे. मला त्यात माझ्या मुलखाचेही थोडे मिसळायचे आहे, आणि त्यासाठी निदान एखादी हिरवी, ओली जागा सोबतीला असावी, एवढेच मागणे आहे.

गलाईवाला (कोइमतूर)

मी या मंचावर फारसे लिहीत नाही, पण ताईंचे लिखाण वाचून राहवले नाही.

ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सराफी दुकानांतली झाडलोट, घासणीची धूळ, जुने दागिने यांतून सोने-चांदी वेगळे काढून शुद्ध करणे म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव आणि पलीकडे माण-खटाव, या पाऊस न पडणाऱ्या तालुक्यांतून माणसे पोटासाठी निघाली आणि देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. भट्टीजवळ दिवस काढणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्यात गाव कायम असते. चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, त्या वेळी आम्ही काहीही करून येतो. आठवण म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण आमच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. गावी आलो की माझी मुलगी पहिले दोन दिवस आनंदात असते आणि मग गप्प होते. तिला कोइमतूरचे घर, मैत्रिणी, वायव्येला दिसणारे निलगिरीचे डोंगर आठवतात. तिच्या आजीला ते रुचत नाही. आजी म्हणते, आपल्या घरी येऊन कुणी रडते का? दोघींचेही चुकत नाही, आणि मधे उभे राहणाऱ्या बापाला हे समजावून सांगण्यासाठी शब्द सापडत नाहीत. ताईंनी ‘परत’ येण्याबद्दल जे लिहिले आहे, ते मी आमच्या घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. आजी काही बोलली नाही, पण तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

म्हणून माझी एक विनंती. तुमच्या सासूबाई सहलीला येत आहेत, तर पहिल्याच रात्री त्यांना विषूचे सांगा. मुलांना सांगताना त्यांनाही ऐकू द्या. आपल्याकडेही चैत्रात रस्त्याकडेला, माळावर बहावा फुलतो. तो घोस हातात घेऊन सांगितलेली गोष्ट त्यांना परकी वाटणार नाही.

जावळीकर (बामणोली परिसर)

बामणोलीच्या काठावरून लिहितो आहे, म्हणून इथली प्रत्यक्ष स्थिती सांगतो.

कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या खोऱ्यांत हा जलाशय पसरलेला आहे. मे महिन्यात पाणी सर्वांत खाली जाते. फोटोत दिसणारा झाडांपर्यंत भिडलेला काठ तेव्हा नसतो. झाडांच्या खाली लाल मातीचा उघडा उतार आणि त्याच्याही खाली गाळ असतो. वरून तो गाळ सुकलेला दिसतो, पण पाय टाकला की मूल मांडीपर्यंत रुतते. पाणी खाली गेल्यावर जुन्या शेतांचे बांध आणि घरांची जोती वर येतात, त्यामुळे तळ कुठे एकदम खोल होईल हे पोहणाऱ्याला सांगता येत नाही. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट असल्याशिवाय होडी हलू देऊ नका.

त्या जोत्यांबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ते या विषयाला धरूनच आहे. १९६०च्या दशकात धरणाचे पाणी चढले तेव्हा या खोऱ्यातली गावे उठली आणि माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. त्यांतली म्हातारी माणसे उन्हाळ्यात पाणी उतरले की येतात, एखाद्या जोत्यावर बसून जेवतात आणि परत जातात. सोबतची नातवंडे तोवर दगड गोळा करतात. कुणी त्या म्हाताऱ्यांना विचारत नाही की इतक्या लांबून कशाला आलात. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर इतकेच, की अवश्य या.

राहण्याचे म्हणाल, तर अगदी काठावरची जागा घेऊ नका. काठापासून चढावर, गावाला लागून झाडीतली जागा मागा. तिथे आंब्या-फणसाची सावली असते आणि शौचालय जवळ असते. रात्री गवे पाण्यावर उतरतात, त्यामुळे काठाची वाट त्यांच्यासाठी मोकळी सोडलेली बरी. शेकोटीचा हट्ट धरू नका. या दिवसांत एका ठिणगीने डोंगर पेटतो आणि वणवा विझवायला आम्हालाच फांद्या घेऊन धावावे लागते. स्वयंपाक गावातल्या घरी सांगितलात तर नाचणीची भाकरी, आमटी-भात मिळेल. मोठे स्पीकर आणू नका, ही हात जोडून विनंती. पाण्यावरून आवाज पलीकडच्या जंगलापर्यंत जातो.

मिरजेच्या बाई (मिरज)

मी शाळेतल्या मुलांच्या शिबिरांची व्यवस्था पाहिली आहे, त्या आधारे सुरक्षिततेचा एक मुद्दा मांडते, कारण ताईंना जो पाऊस हवा आहे तो आपल्याकडे वळवाच्या रूपाने येतो आणि वळीव विजेसह येतो.

तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही. उघडे पठार, एकटे झाड आणि पाण्याचा काठ या तिन्ही जागा वीज चमकत असताना धोक्याच्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला, तर सगळे आवरून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. म्हणून तंबूची जागा निवडताना पक्के घर धावत जाण्याच्या अंतरावर आहे ना, हे आधी पाहावे. वादळात तंबूतच थांबून गंमत पाहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांना समजावणे फार अवघड जाते.

मुले पहिल्यांदाच तंबूत झोपणार असतील, तर एक रात्र स्वतःच्या द्राक्षबागेच्या कडेला तंबू लावून झोपून पाहावे. काय विसरले, कुणाला अंधाराची भीती वाटते, सासूबाईंना खाली बसता-उठता येते का, हे सगळे घराजवळच कळते. त्यांच्यासाठी घडीची खाट न्या. रात्री बूट तंबूत ठेवा आणि सकाळी झटकून मगच घाला. विंचू उन्हाळ्यात ओलाव्याच्या शोधात फिरतात.

तासगावच्या जवळ सागरेश्वर अभयारण्य आहेच. उघड्या पडलेल्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून झाडी उभी राहिली आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. उन्हाळ्यात सकाळी लवकर पाणवठ्याजवळ शांत राहिले तर चितळ आणि सांबर दिसतात. नऊनंतर मात्र डोंगर तापतो. पायथ्याच्या जुन्या मंदिरांत सावली असते, तिथे डबा खाता येईल.

घाटमाथा (सातारा)

माळरान यांनी ओलाव्याचा मुद्दा काढला तो मला मान्य आहे आणि त्यावरून तारखांबद्दल सुचवावेसे वाटते. मॉन्सून केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला पोहोचतो आणि आपल्या घाटमाथ्यावर त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. त्याआधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, कोयनेच्या खोऱ्यात हवा बदलते: दुपारनंतर ढग जमतात, वळवाच्या सरी पडून जातात, करवंदे-जांभळे पिकतात आणि पावसाआधीचे काजवेही दिसू लागतात. ताईंनी वर्णन केलेल्या संध्याकाळच्या जवळ जाणारे दिवस मला तरी तेच वाटतात. एप्रिलमध्ये गेलात तर जंगल हिरवे मिळेल, पण हवा कोरडीच असेल. बागेच्या कामातून तेव्हा दोन दिवस निघतील का, हे घरी विचारून पाहा.

त्रिशूरची लेक (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळे प्रतिसाद वाचून दाखवले आणि असे ठरले आहे.

छाटणीनंतरच्या सवडीत, विषूच्या दिवशी, पहाटे सागरेश्वरला जायचे. तासगावच्या रस्त्याला बहावा आताच फुलू लागला आहे. आदल्या रात्री घरीच कणी मांडायची असे मी सुचवले, तेव्हा सासूबाईंनी विचारले की त्यात काय काय लागते. मी सांगितल्यावर त्यांनी स्वतःची जुनी पितळी परात काढून दिली. मिरजेच्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याच आठवड्यात एक रात्र बागेच्या कडेला तंबू लावून पाहणार आहोत.

बामणोलीला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जायचे. तेव्हा बागेत विरळणीचे काम असेल, पण दीर दोन दिवस मजुरांकडे पाहतील. जागा चढावरची आणि गावाला लागून हवी. माळरान दादा, शुकाचार्याचेही मनात आहे; मूळ गावच्या वाटेवरच असल्यामुळे ते दिवाळीच्या सुट्टीत जमेल.

गलाईवाले दादा, यजमान म्हणाले की पुढच्या वर्षी मिरजेहून एर्नाकुलमकडे जाणाऱ्या गाडीचे आरक्षण वेळेवर करू आणि मुलांना पीची धरण दाखवू. ते मी मागितले नव्हते. तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा; तिला कधी बोलावेसे वाटले तर मला इथे निरोप टाकायला सांगा.

जावळीकर काका, एक विचारायचे राहिले: मे महिन्यात तिकडे जागा आधी सांगून ठेवावी लागते का?

जावळीकर (बामणोली परिसर)

हो, नक्की सांगून ठेवा. मे महिन्यात मुंबईतली आमची माथाडी कामगार मंडळी कुटुंबासह गावी येतात, यात्रा आणि लग्ने असतात, त्यामुळे घरे भरलेली असतात. निदान दोन आठवडे आधी कळवा आणि किती माणसे, किती जेवणे, म्हातारे माणूस बरोबर आहे का, हे स्पष्ट सांगा. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरलात तर काठावर गर्दी नसेल. साताऱ्याहून येताना दुपारी तीनच्या आत कास ओलांडा. वळीव आला तर पुढच्या उतारावर समोरचे दिसत नाही.